मोडक्या लोखंडाची जत्रा

इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये ब्यूली नावाचे खेडे आहे. मोटारींचे आद्य पुरस्कर्ते असलेल्या वडिलांच्या स्मरणार्थ लॉर्ड माँटेग्यू यांनी १९५२ साली तेथील आपल्या वाड्यात काही जुन्या मोटारी मांडल्या. १९६७ पासून तेथे जुन्या सुट्या भागांचा बाजारही भरू लागला. त्याला ‘ऑटोजंबल’ म्हणतात. कारखाना बंद पडल्यावर भाग मिळायचा कोठून? म्हणून गंजलेला दिवा, भोंगा हुडकीत शौकीन दूरदेशींहून येतात. एकाची अडगळ दुसऱ्याच्या गाडीचा प्राण ठरते.

त्या वडिलांची कथा मात्र हिंदुस्थानाशी जडली आहे. ३० डिसेंबर १९१५ रोजी, महायुद्धात, ते ज्या ‘पर्शिया’ बोटीने इकडे येत होते, तिला जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात बुडविले. ते वाचले, त्यांची चिटणीस एलिनॉर थॉर्नटन गेली. रोल्स-रॉइसच्या तोंडावरील ती पंखवाली मूर्ती तिच्यावरूनच घडविली, असे मानतात. हरवलेला भाग बाजारात सापडतो. गेलेल्या माणसाची मूर्तीच काय ती उरते.