फियाटचा डायनॅमो

१९६४ पासून कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. आमच्या बेळगावात वाड्याची कौलं जपणारे लोकही दिवे मंद झाले की जुन्या फियाटचा मूळ डायनॅमो भंगारात घालतात, हे मला पटत नाही. या गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला. परतीचा करंट पत्र्यातूनच जातो. इथल्या पावसात अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो. आधी त्या टोकापासून दिव्याच्या बॉडीला सुटी वायर लावून बघा. उजेड वाढला, की दोष अर्थिंगचा. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने पत्रा घासायचा, पुन्हा आवळायचा. आयडलिंगला लाल दिवा लुकलुकतो, तो मात्र बिघाड नव्हे. कमी फेऱ्यांवर डायनॅमो पुरेसा चार्ज देतच नाही.