साखळीतला माणूस

भाचा नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि त्याला तिकडच्या फुटबॉलचा नाद लागला. फोनवर मलाही समजावून सांगत असतो. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. चेंडू ज्याच्या हातात असतो त्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच दांडगे गडी ओळीने उभे असतात. त्यांना म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइनमन. यांचं काम एकच, समोरून येणाऱ्याला अडवायचं. चेंडू हातात घेऊन पळणं यांच्या नशिबात जवळपास नाहीच. त्यांच्या नावावर धावा नाहीत, गुण नाहीत. पंच माईकवरून त्यांचा नंबर पुकारतो तो चूक झाली तरच!

ऐकलं आणि मला आमचे नाना आठवले.

नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. कारंज्यात सत्तरच्या दशकात कबड्डीच्या टीममध्ये डाव्या कोपऱ्यावर खेळायचे. त्या वेळी सामने काळ्या मातीत व्हायचे, माती चाळून, पाणी मारून मैदान तयार करायचे. बक्षीस म्हणजे ढाल, नाहीतर स्टीलची भांडी. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा व्हायची ती चढाई करणाऱ्याची. दिल्ली वेशीपासून दारव्हा वेशीपर्यंत "काय लोण चढवला राजेहो!" हेच. पण तो चढाईवाला बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत कोण आणतं? समोरच्याची पकड करणारे. म्हणजे नाना आणि त्यांचा हात धरून उभा असलेला बाजूचा गडी. ते कुणाच्या तोंडी नसायचं.

नाना आम्हा पोरांना शिकवायचे, "तोंडाकडं पाहू नको बे, पायाकडं पाह्य." चढाईवाला डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो. पाय मात्र खोटं बोलत नाही. तो बोनससाठी पाय लांबवतो ना, तेव्हाच घोटा धरायचा. क्षणभर आधी झेपावलं तर तो उडून जातो, क्षणभर उशीर झाला तर हात लावून मध्यरेषेवर. आणि घोटा धरणारा एकटा पुरत नाही. साखळीतल्या बाकीच्यांनी त्याच क्षणी अंगावर यावं लागतं.

आता थोडा इतिहास. या खेळाला नियमांत बसवलं ते महाराष्ट्रानेच. 1918 च्या सुमारास साताऱ्याकडे नियमांची जुळवाजुळव झाली. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली. आपल्या वऱ्हाडाचा वाटा तर अभिमानाने सांगावा असा. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हुतूतूची प्रात्यक्षिकं दाखवली. अमरावती म्हणजे कारंज्याहून एसटीने काही तासांचं अंतर. इथल्या मातीतला खेळ थेट बर्लिनला! पुढे 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, 1952 मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, 1990 मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये पदकाचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला आणि भारताने सुवर्ण आणलं.

पण या सगळ्या काळात खेळाडूचं पोट कशावर चालायचं? नोकरीवर. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, महिंद्र यांच्या टीम असायच्या. चांगला खेळलास तर नोकरी, म्हणजे घर सावरलं. त्यासाठी कुणाच्या तरी नजरेत भरावं लागायचं, आणि नजर जायची ती चढाईकडे. नानांच्या टीममधल्या चढाईपटूला अशी नोकरी लागली. नाना जिनिंगमध्ये लागले, गुडघे मात्र कोपऱ्यातच सोडून आले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. नानांनीही कधी केली नाही. पण हिशोब कसा मांडला जातो यावर माणसाचं आयुष्य कसं वळतं, ते यात दिसतं.

अमेरिकेतही हा हिशोब बदलायला वेळ लागला. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला खाली पाडलं. पायाचं हाड मोडलं, थाइसमन परत कधी खेळला नाही. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याला डावीकडून मागून येणारा दिसत नाही. तिकडे पहारा देणारा गडी म्हणजे लेफ्ट टॅकल. 1993 पासून खेळाडूंना करार संपल्यावर दुसऱ्या संघात जायची मोकळीक मिळाली, खुला भाव लागू लागला आणि या अनोळखी गड्यांचे पगार झपाट्याने वाढले. मायकल लुइसने 2006 मध्ये 'द ब्लाइंड साइड' या पुस्तकात ही सगळी कथा सांगितली आहे. गंमत बघा, काम तेच होतं. किंमत कळली ती बाजार उघडल्यावर.

आपल्याकडे बाजार उघडला 2014 मध्ये, प्रो कबड्डीने. पहिल्या लिलावात सर्वात महाग खेळाडू होता राकेश कुमार, 12 लाख 80 हजार. चारच वर्षांत, मे 2018 च्या लिलावात, सहा जणांनी कोटीचा आकडा गाठला. त्यातला पहिला कोण? इराणचा फाझल अत्राचली. डाव्या कोपऱ्यावर खेळणारा! यू मुंबाने त्याला एक कोटीला घेतलं. अर्थात त्याच लिलावातला सर्वात मोठा आकडा, 1 कोटी 51 लाख, गेला मोनू गोयतला, म्हणजे चढाईपटूलाच. त्या सहांत निखळ बचावपटू फाझल एकटाच.

तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, जकार्ता एशियाडची उपांत्य फेरी होती. 1990 पासून सलग सात सुवर्णं जिंकलेला भारत समोर इराण असताना 18-27 असा हरला. आपल्या संघात एकापेक्षा एक चढाईपटू होते. फाझलच्या संघाने त्यांना अठरा गुणांवर रोखलं. त्या भारतीय संघात आपला गिरीश इर्नाक होता, कल्याणचा, तोही डाव्या कोपऱ्याचा. पुणेरी पलटणकडून 2017 ते 2019 असे तीन हंगाम खेळलेला. त्याच्या वाट्याला कांस्य आलं.

तरीही हिशोब पुरता सुटलेला नाही. 2017 च्या हंगामात परदीप नरवालने चढाईचे 369 गुण केले. त्या हंगामात एकाही बचावपटूला शंभर गाठता आले नाहीत, पहिला शतकवीर नितेश कुमार झाला तो पुढच्या हंगामात. चढाईत एकाच फेरीत दोन-तीन गुण मिळू शकतात, पकडीचा साधारण एकच. आणि पकड चौघांनी मिळून केली तरी आकडेवारीत नाव एकाचंच लागतं. साखळीतला बाजूचा गडी, ज्याने हात सोडला नाही म्हणून ती पकड झाली, तो आजही आकडेवारीत नाही. फाझलपर्यंत न्याय पोचला. फाझलच्या शेजाऱ्यापर्यंत अजून पोचायचा आहे.

मला वाटतं, घरंही अशीच चालतात. एक जण चढाईला जातो, त्याचं नाव होतं. बाकीचे हात धरून उभे असतात.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. जुन्या पेट्यांमध्ये कबड्डीच्या टीमचे फोटो असतीलच. मधे ढाल धरून बसलेल्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. कडेला उभ्या असलेल्यांची नावं सांगणारी माणसं अजून आहेत तोवर विचारून घ्या, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने सातही नावं लिहून ठेवा.