ऑलिंपियाचा ठराव

१५ जुलै २०१० रोजी ऑलिंपिया फूड को-ऑप या सहकारी किराणा भांडाराच्या संचालक मंडळाने इस्रायलमध्ये बनलेला माल विकायचा नाही, असा ठराव एकमताने केला. अमेरिकेतल्या एखाद्या किराणा दुकानाने असे पाऊल उचलण्याची ही पहिलीच वेळ, अशी त्याची तेव्हा नोंद झाली. ऑलिंपिया ही वॉशिंग्टन राज्याची राजधानी असली तरी २०१० च्या जनगणनेत तिची वस्ती जेमतेम ४६ हजार होती. को-ऑपची दुकाने दोन. ठरावामुळे फळीवरून उतरलेल्या वस्तू मोजक्याच होत्या: ग्लुटेन नसलेली बिस्किटे, आइस्क्रीमचे कोन, त्वचेला लावायचे क्रीम. ज्यू आणि अरब यांच्या सहकार्यातून तयार होणारे ‘पीस ऑइल’ हे ऑलिव्हचे तेल ठरावातून वगळले होते. एवढ्याशा मालावरून उभा राहिलेला वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जवळपास दहा वर्षे चालला.

ही हकीकत सहसा रेचल कॉरीपासून सुरू केली जाते. रेचल ऑलिंपियाची. तिथल्याच एव्हरग्रीन स्टेट कॉलेजची ती विद्यार्थिनी होती. आपले गाव आणि गाझा पट्टीतले रफाह यांच्यात भगिनी-शहरांचे नाते जोडावे, हा विचार घेऊन ती तिकडे गेली आणि १६ मार्च २००३ रोजी रफाहमध्ये एका पॅलेस्टिनी कुटुंबाचे घर पाडले जाऊ नये म्हणून उभी असताना इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली मरण पावली. ती २३ वर्षांची होती. चालकाला ती दिसलीच नाही, असे लष्कराचे म्हणणे. २०१२ मध्ये हैफाच्या न्यायालयाने सरकारला जबाबदार धरायला नकार दिला आणि २०१५ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने प्रतिष्ठान काढले. गावकऱ्यांनी ऑलिंपिया-रफाह भगिनी-शहर प्रकल्प चालवला. त्याला अधिकृत मान्यता द्यावी ही मागणी मात्र २००७ मध्ये नगर परिषदेने फेटाळली.

रेचलच्या मृत्यूने गाव हलले आणि त्यातून बहिष्कार आला, असे एका दमात सांगणे सोपे आहे. तारखा ते सांगू देत नाहीत. मृत्यू आणि ठराव यांच्यात सात वर्षे आहेत. मधल्या काळात ९ जुलै २००५ रोजी १७० हून अधिक पॅलेस्टिनी संस्था-संघटनांनी बहिष्कार, गुंतवणूक काढून घेणे आणि निर्बंध यांची जाहीर हाक दिली. ऑलिंपियात जे घडले त्याला हाक तिथून मिळाली. त्याला आकार मिळाला तो को-ऑपच्या जुन्या कागदांतून, आणि माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

को-ऑपने १९९३ मध्येच बहिष्काराचे धोरण लिहून ठेवले होते. संस्थेच्या उद्दिष्टांशी जुळणाऱ्या, राष्ट्रीय पातळीवर मान्यता पावलेल्या बहिष्कारांचा शक्यतो मान राखायचा, असे त्यात म्हटले होते. मागणी आली की कोणत्या मालावर परिणाम होईल ते पाहायचे, संबंधित विभागाने लेखी शिफारस करायची आणि कर्मचाऱ्यांनी एकमताने निर्णय घ्यायचा, ही त्याची रीत. एकमत झालेच नाही तर पुढे काय, याबद्दल धोरण गप्प होते. दुसरीकडे संस्थेच्या पोटनियमांनी कारभाराचा अधिकार संचालक मंडळाला दिला होता. सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत कधी बसलेल्या मराठी वाचकाला ही फट ताबडतोब ओळखू येईल. पुढचा सगळा खटला याच फटीत उभा राहिला.

मार्च २००९ मध्ये एका कर्मचाऱ्याने इस्रायली मालावर बहिष्कार घालण्याची मागणी पुढे केली. कर्मचाऱ्यांत एकमत झाले नाही. मे २०१० मध्ये प्रश्न मंडळासमोर आला. मंडळाने लगेच मतदान केले नाही. आधी कर्मचाऱ्यांनी पुन्हा प्रयत्न करावा, असे सांगितले. तोही निष्फळ ठरला. मग जुलैच्या सभेत मंडळाने सभासदांचे म्हणणे ऐकले आणि स्वतः ठराव केला. ज्या सभासदांना तो पटत नाही त्यांनी पोटनियमांप्रमाणे सर्व सभासदांचे मतदान मागावे, ही वाटही खुली ठेवली.

ही वाट विरोधकांनी धरली नाही. २०११ च्या मे महिन्यात पाच सभासदांनी मंडळाला पत्र पाठवले: बहिष्कार मागे घ्या, नाहीतर न्यायालयात जाऊ, आणि मग प्रकरण आणखी गुंतागुंतीचे, त्रासाचे आणि खर्चाचे होईल. सप्टेंबरमध्ये त्यांनी आजी-माजी १६ संचालकांवर वैयक्तिक दावा लावला. मंडळाने १९९३ चे धोरण मोडले, हा त्यांचा मुद्दा. कागदावर तो पोकळ नव्हता. कर्मचाऱ्यांचे एकमत हवे असे लिहिलेलेच होते, आणि ते झाले नव्हते. पण मतदानाचा मार्ग मोकळा असताना बिनपगारी संचालकांना त्यांच्या स्वतःच्या खिशापर्यंत खेचणे, हे मला अन्याय्य वाटते.

वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्येच एक कायदा केला होता. सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्यांना दाव्यांनी जेरीस आणता येऊ नये, म्हणून असे दावे सुरुवातीलाच निकाली काढण्याची सोय त्यात होती. त्याच्या आधारे २७ फेब्रुवारी २०१२ रोजी थर्स्टन काउंटीचे न्यायाधीश थॉमस मॅकफी यांनी दावा फेटाळला आणि प्रत्येक प्रतिवादीला १० हजार डॉलर, म्हणजे एकूण १ लाख ६० हजार डॉलर देण्याचा आदेश दिला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला.

मग पारडे फिरले. २८ मे २०१५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. ज्युरीसमोर जाण्याआधीच न्यायाधीशाने पुरावा तोलून दावा काढून टाकायचा, यामुळे ज्युरीकडून न्याय मिळण्याचा नागरिकाचा हक्क जातो, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याबरोबर १ लाख ६० हजार डॉलरचा आदेशही गेला. बहिष्कार योग्य की अयोग्य, यावर त्या निकालात एक शब्द नाही. तरीही तो बहिष्काराविरुद्धचा कौल म्हणून सांगितला गेला, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. ज्या संचालकांनी एका सभेत मत नोंदवले होते, त्यांना सहाव्या-सातव्या वर्षीही वकिलांकडे खेपा घालाव्या लागणार होत्या.

प्रकरण खालच्या न्यायालयात परतले. मार्च २०१८ मध्ये तिथे दावा पुन्हा फेटाळला गेला: या ठरावाने को-ऑपचे नुकसान झाले, हे वादींना दाखवता आले नव्हते. रफाहमधल्या घरांचा, रेचलचा किंवा २००५ च्या हाकेचा निवाडा कोणत्याच टप्प्यावर झाला नाही. न्यायालयांसमोर प्रश्न होता तो एका सहकारी संस्थेच्या अधिकाराचा आणि तिच्या हानीचा. संचालक टिकले ते त्यांनी पायरीपायरीने पार पाडलेल्या, लिहून ठेवलेल्या कामकाजामुळेही, असे मी हे निकाल वाचून म्हणेन. एकजुटीची भाषणे अनेक गावांत झाली. ऑलिंपियात एकजूट ठरावाच्या रूपात उतरली होती, म्हणून तिला उलटतपासणीला तोंड देता आले.

फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने २०१८ चा निकाल कायम केला. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने रद्द झालेल्या कायद्याच्या जागी सार्वजनिक अभिव्यक्तीला संरक्षण देणारा नवा कायदा मंजूर केला.