बाटली धरायची कुणी?



बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या की खरी बोलणी सुरू होतात. त्यात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे वरच्या दुधावरचं बाळ. पाजलं की टाकतं. दह्यासारखे गोळे काढतं. पोट गच्च होतं, पाय पोटाशी घेऊन रडतं. मग चारही बाजूंनी सल्ले येतात. कुणी म्हणतं डबा बदला, कुणी म्हणतं दूध पातळ करा, कुणी घुटी सांगतं, कुणी दृष्ट काढायला सांगतं.

आईच्या दुधाची सर कशालाच नाही, हे अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे. दूध कमी झालं असेल तर आधी आशाताईंना गाठा, बऱ्याचदा ते पुन्हा वाढवता येतं. पण काही घरी आई बाळंतपणात गेलेली असते. काही घरी जुळी असतात. कुठे आई पहाटे खुरपणीला जाते ती दिवस कलल्यावर येते. तिथे बाळ आजीच्या मांडीवर आणि बाटलीवर वाढतं. त्या आजीला किंवा आईला बोल लावायला मी आज बसलेली नाही. मला या बाटलीची गोष्ट सांगायची आहे, कारण बाळ दूध का टाकतं याचं बरंचसं उत्तर त्या गोष्टीत सापडतं.

वरचं दूध ही काही आजची गोष्ट नाही. जर्मनीतल्या बव्हेरिया भागात लहान मुलांच्या जुन्या थडग्यांत चोच असलेली मातीची इवलीशी भांडी मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वीची म्हणा ना. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या भांड्यांच्या आतला अंश तपासला, तर त्यात गाय, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाच्या खुणा निघाल्या. त्या भांड्यांचं चित्र पाहिलं की आपल्याकडचं बोंडलंच आठवतं. आपल्या जुन्या वैद्यकातही आई पाजू शकत नसेल तर धात्री, म्हणजे दूध पाजणारी बाई, कशी निवडावी हे चरकसंहितेत सांगितलं आहे. तिचं दूध पाण्यात टाकून ते नीट मिसळतं का हे बघायचं, अशी परीक्षाही दिली आहे. बोंडलं काय, धात्री काय, दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. बाळ कुणाच्या तरी मांडीवर असायचं.

काचेची बाटली मात्र इंग्लंड-अमेरिकेकडून आली. 1845 मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट नावाच्या माणसाने रबरी निपलचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये एक नव्या तऱ्हेची बाटली निघाली. चपटी काचेची बाटली, तिच्या तोंडातून निघालेली हातभर लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निपल. बाळाला पाळण्यात निजवायचं, बाटली शेजारी ठेवायची, नळी तोंडात द्यायची. बाळ आपलं आपण ओढत राहायचं. कामाच्या बाईला किती सोयीचं वाटलं असेल बघा! राजघराण्यातल्या सुनेच्या नावावरून एका बाटलीला ‘अलेक्झांड्रा’ असं नाव दिलं होतं. घरोघरी ती गेली.

आता ही नळी धुवायची कशी? आतून हात जात नाही, ब्रश जात नाही. दुधाचा थर आत साचायचा, आंबायचा, त्यावरच पुढचं दूध जायचं. त्या काळी घरकामाचं सगळ्यांत नावाजलेलं पुस्तक मिसेस बीटन यांचं, 1861 चं. त्यांनी तर निपल बदलण्याची वेळ येईपर्यंत बाटलीवरून काढायचीही गरज नाही, असं लिहिलं होतं. पंधरा-पंधरा दिवस तेच निपल! त्यांना दोष तरी कसा द्यायचा, जंतूंचं ज्ञान तेव्हा नुकतं कुठे उजाडत होतं. पण उन्हाळा आला की बाटलीवरची बाळं हगवणीने पटापट जायची. शेवटी लोकांनीच या बाटलीला नाव ठेवलं ‘खुनी बाटली’. अमेरिकेतल्या बफेलो शहराने 1897 मध्ये तिच्यावर बंदी घातली, फ्रान्सने 1910 मध्ये. इंग्लंडमध्ये मात्र ती नंतरही कितीतरी वर्षं विकली गेली, कारण सोय सोडवत नाही.

1894 मध्ये तिथल्याच ॲलन अँड हॅन्बरीज कंपनीने होडीसारखी, दोन्ही टोकांना उघडी बाटली काढली. एका टोकाला निपल, दुसऱ्या टोकाला झडप. दोन्ही काढली की आरपार ब्रश घालता यायचा आणि आतून लख्ख धुता यायचं. शिवाय ती बाळाजवळ ठेवून जाता येत नव्हती, हातात धरूनच पाजावी लागायची. माझ्या मते बाटलीच्या इतिहासातली ही सगळ्यांत मोठी सुधारणा, आणि तिच्यात औषधाचा थेंब नव्हता.

नळीची बाटली आपल्याकडे किती आली ते सोडून द्या. बाळाला धरायला माणूस नाही, ही अडचण आपल्याकडेही होतीच. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून गेलेल्या बायका दिवसभर साच्यावर उभ्या असत आणि तान्हं बाळ चाळीच्या खोलीत. ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. 1920 नंतर मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टरांना कामगार स्त्रियांची पाहणी करायला नेमलं, तेव्हा त्यांना बहुतेक गिरणीवालींच्या बाळांना अफू दिली जाताना आढळली. झोपलेलं बाळ दूध मागत नाही, मग सुकत जातं. त्या आया काय निर्दयी होत्या? खाडा केला तर चूल पेटत नव्हती. बाळंतपणाच्या पगारी रजेचा पहिला कायदा आपल्या मुंबई इलाख्यात झाला तो 1929 मध्ये. बाळाच्या पोटाचा प्रश्न असा आईच्या रोजीशी बांधलेला असतो.

याच काळात डब्याचं दूध आलं. स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी 1867 च्या सुमारास दूध, साखर आणि भाजलेलं गव्हाचं पीठ यांचं बाळअन्न विकायला सुरुवात केली होती. मुंबईत 1924 मध्ये एक कंपनी निघाली, तिचं कामच ग्लॅक्सोच्या डब्याचं वाटप करणं हे होतं. तिकडे अमेरिकेत हार्वर्डचे डॉ. रॉच बाळाच्या दुधात स्निग्ध किती, साखर किती, प्रथिनं किती याचं टक्केवारीचं गणित मांडत होते. बाळाने दूध टाकलं की अर्धा टक्का इकडचा तिकडे. डब्याच्या दुधाला ‘फॉर्म्युला’ म्हणतात ते अशाच गणितांवरून. पुढे डॉक्टरांनाच ते गणित जड झालं आणि मागे पडलं. आपण मात्र घरच्या घरी तेच करतो. आज एक डबा, आठ दिवसांनी दुसरा, मध्येच एक चमचा पावडर कमी. पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं, घट्ट केलं तर त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही. डब्यातल्याच चमच्याने, सपाट माप, डब्यावर लिहिलेल्या पाण्यात. डबा बदलायचा तर डॉक्टरांना विचारून.

न्यूझीलंडचे डॉ. ट्रुबी किंग यांनी आणखी एक खूळ जगभर नेलं, घड्याळावर पाजण्याचं. दर चार तासांनी पाजा, रात्री नाहीच. आता भुकेने कावलेलं बाळ रडून रडून हवा गिळतं, मग बाटली मिळाली की अधाशासारखं ओढतं, आणि दूध व हवा दोन्ही उलट येतात. कोणत्याही आजीला हे कळतं. बाळ मुठी चोखू लागलं, मान फिरवून शोधू लागलं की पाजावं. एका वेळी थोडं, पण जास्त वेळा. बाटली संपवलीच पाहिजे असा हट्ट नको.

आणि ग्राइप वॉटर? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ते 1851 मध्ये काढलं. त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर आणि चक्क दारू होती! बाळ शांत व्हायचं यात नवल ते काय. आता दारू काढली आहे, पण दूध टाकणं त्याने थांबतं असं नाही. घुटीत मध असेल तर वर्षाच्या आत देऊच नका.

मुळात होतं काय, तर बाळाच्या जठराच्या तोंडाची झडप अजून सैल असते. भरलेली कळशी हलली की पाणी सांडतं, तसं दूध वर येतं. साधारण चौथ्या महिन्यापर्यंत हे वाढतं आणि बसायला, उभं राहायला लागलं की कमी होत बहुतेकांचं वर्षाच्या आत थांबतं. बाळ हसतंखेळतं, वजन वाढतं, लघवी नीट होते, तर ती गुळणी म्हणजे फक्त धुण्याचं काम.

ती कमी करायची तर बाळ मांडीवर तिरपं घ्या, डोकं वर. बाटली इतकी कलती धरा की निपल दुधाने भरलेलं राहील, हवा जाणार नाही. बाटली उलटी केल्यावर दूध थेंब थेंब पडावं. धार लागली तर भोक मोठं झालंय. सुई तापवून भोक वाढवणं सोडा. मध्ये थांबून खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाजून झाल्यावर वीसेक मिनिटं उभं धरा. लगेच झोळीत टाकून झोके नकोत. बाटली उशीला टेकवून जाणं म्हणजे ती जुनी नळीची बाटलीच पुन्हा घरात आणणं. झोपवताना पाठीवरच झोपवा. पाठीवर निजलेलं बाळ गुळणीने गुदमरतं ही भीती खरी नाही. 1990 नंतर इंग्लंड-अमेरिकेने पाठीवर निजवण्याची मोहीम घेतली आणि झोपेत दगावणारी बाळं खूप कमी झाली.

धुण्याचं म्हणाल तर वाटी-चमच्यासारखं सोपं काही नाही, बाटलीपेक्षा ती केव्हाही बरी. बोंडल्याचं मला प्रेम आहे, पण त्याच्या चोचीत दूध अडकतं हेही खरं. पावडरीतही जंतू असू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं की पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर मिसळा आणि मग कोमट करून पाजा. उरलेलं दोन तासांनंतर ठेवू नका.

डब्याच्या जाहिरातींविरुद्ध भांडणाऱ्याही एक बाईच होत्या. डॉ. सिसली विल्यम्स यांनी सिंगापुरात नर्सचे कपडे घातलेल्या विक्रेत्या बायका नव्या आयांच्या गळ्यात गोड डबाबंद दूध मारताना पाहिल्या. 1939 मध्ये तिथल्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केलं, त्याचं नाव होतं ‘दूध आणि खून’. ते जगाला पचायला चाळीस वर्षं लागली. 1981 मध्ये जागतिक नियमावली आली आणि 1992 मध्ये आपल्या देशाचा कायदा. त्या कायद्याने बाळाच्या डब्याची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही. कुणी दवाखान्यात फुकट डबा हातात देत असेल तर ते कायद्यात बसत नाही, एवढं माहीत असू द्या.

प्रत्येक उलटी साधी नसते. काही बाळांच्या जठराचा खालचा मार्ग आवळत जातो. साधारण तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, प्रत्येक वेळी कारंज्यासारखी लांब उलटी, आणि लगेच पुन्हा भूक. अशी बाळं पूर्वी बहुतेक जायची. जर्मनीच्या डॉ. राम्श्टेट यांनी 1912 मध्ये त्यावरची छोटी शस्त्रक्रिया जगापुढे मांडली आणि आजही तीच करतात, बाळ ठणठणीत होतं. तेव्हा अशी उलटी, हिरवी किंवा रक्ताची उलटी, ताप, फुगून कडक झालेलं पोट, खोल गेलेली टाळू, लघवी कमी, बाळ मलूल, वजन अडलेलं, यातलं काहीही दिसलं तर घुटी नाही, डबा बदलणं नाही. 102 किंवा 108 ला फोन लावा.

पुढच्या बैठकीला वही मिटण्याआधी एक विचारा. गटात कुणाचं बाळ वरच्या दुधावर आहे, आणि आई कामावर गेली की त्याला मांडीवर घेऊन कोण पाजतं? उत्तर ‘कुणी नाही’ आलं तर आळीपाळीने कोण जाईल, ते तिथेच ठरवा.