राडारोडा, कर्बवायू आणि एक शेरा

सरकारी कामकाजात एखादी वस्तू नाकारली जाण्यासाठी तिच्यात दोष असावाच लागतो असे नाही. मानकात तिचा उल्लेख नसला तरी पुरते. २०१४ साली एका जुन्या इमारतीच्या पाडकामाची फाइल माझ्याकडे आली. काँक्रीटच्या राडारोड्याचीच खडी करून ती आवारभिंतीच्या पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये वापरावी, असे एका कनिष्ठ अभियंत्याने सुचवले होते. 'मानकात तरतूद नाही' असा शेरा लिहून मी ती परत पाठवली.

शेरा नियमाला धरून होता. आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या १९७० च्या आवृत्तीच्या शीर्षकातच 'नैसर्गिक स्रोतांतून मिळणारी' अशी अट होती. दिल्लीत बुराडी येथे राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प २००९ सालीच सुरू झाला होता. शीर्षकातील ते शब्द गळाले २०१६ साली.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीला इतका धीर धरणे परवडणारे नव्हते. फुटक्या विटांच्या काँक्रीटसाठी तेथे १९५१ साली डीआयएन ४१६३ हे मानक आले. १९५५ अखेर पश्चिम जर्मनीत सुमारे १ कोटी १५ लाख घनमीटर अशा खडीतून सुमारे पावणेदोन लाख घरे उभी राहिली.

आपल्या मानकाने दार उघडले, पण किलकिलेच. जुन्या काँक्रीटची भरड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तेही एम-२५ प्रतीपर्यंतच. एम-१५ हून हलक्या काँक्रीटमध्ये मात्र १०० टक्के चालते. कारण उघड आहे. अशा खडीला जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि नव्या काँक्रीटची ताकद घटवतो.

नेमक्या याच दोषावर कर्बवायूचा उपाय आहे. मसाल्यातील चुना कर्बवायूशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकले की ती दुधाळ होई, तीच ही क्रिया. घाणीत मळलेला जुन्या वाड्यांचा चुना वर्षानुवर्षे घट्ट होत गेला तोही तिच्यामुळेच. नव्या पदार्थाचे घनफळ मूळ चुन्यापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी अधिक असल्याने छिद्रे बुजतात, आणि वायूही खडीत बंदिस्त होतो. सळईच्या काँक्रीटमध्ये हीच क्रिया शत्रू ठरते, कारण अल्कता घटून सळई गंजते. सुट्या खडीत सळई नसते, आणि पुढे नव्या सिमेंटची अल्कता सळईचे रक्षण करते. फ्रान्समध्ये २०१८ साली सुरू झालेल्या 'फास्टकार्ब' प्रकल्पात सिमेंट कारखान्यांच्या धुरातील वायू अशा खडीवर वापरून पाहिला गेला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, वायू पकडण्याचा व वाहून आणण्याचा खर्च निविदेत दिसतो. न फोडलेल्या डोंगराची किंमत दिसत नाही. म्हणून केवळ सर्वांत कमी दर पाहणारी व्यवस्था अशा खडीला न्याय देऊ शकणार नाही.

मानक अनुभवाच्या मागूनच येणार. मधल्या काळात अधिकाऱ्याने निदान एवढे विचारावे, की तरतूद नसेल तर चाचणी करता येईल का? २०१४ साली मी ते विचारले नाही. दोनच वर्षांनी त्या पायासाठी तीच खडी पूर्णपणे मान्य झाली असती. तोवर भिंत डोंगर फोडून आणलेल्या खडीवर उभी राहिली होती.