वाटाण्याच्या रोपापासून संगणकापर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्याला आपण व्हिज्युअल इफेक्ट्स म्हणतो, त्याचा आपल्याकडचा पहिला धडा एका कुंडीत गिरवला गेला. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनला गेले, तिथे चित्रपटाची कला पाहिली आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले. कॅमेरा आला, पण चित्रपटासाठी पैसा लावणार कोण? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत रोपाची वाढ टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात उलगडली. त्या छोट्या पटाचे नाव 'अंकुराची वाढ'. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने दिले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

फाळक्यांना हे आले कुठून? 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण केले, छपाईच्या धंद्यात राहिले, जादूचे प्रयोगही केले. चित्रपटाचा अभ्यासक्रम तेव्हा नव्हताच. पण चित्रकाराची नजर, छायाचित्रकाराचा प्रकाश, छापखान्याची शिस्त आणि जादूगाराची हातचलाखी या चारही गोष्टी त्यांच्या गाठीशी होत्या. 1915 मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. निर्जीव काड्या पडद्यावर नाचू लागल्या. संगणकावरचे अ‍ॅनिमेशन आजही मुळात हेच करते. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 चित्रे धरली, तर मिनिटाला 1440 होतात. या कलेत प्रतिभेइतकाच धीर लागतो, तो यासाठी.

दुसरे नाव माझ्या विशेष जिव्हाळ्याचे. साहेबमामा फत्तेलाल. कागलचा हा मुसलमान चित्रकार कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाला. 1929 मध्ये विष्णुपंत दामले, व्ही. शांताराम आदी सोबत्यांबरोबर त्याने 'प्रभात' उभी केली. दामले-फत्तेलाल या जोडीने 1936 मध्ये 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विठ्ठलाच्या मूर्तीतून एकामागून एक शिवाजीराजे बाहेर पडतात, शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला निघतात, ही दृश्ये लोक हात जोडून पाहत. देहूच्या वाण्याचे वैकुंठगमन कागलच्या शेखाच्या हातून पडद्यावर साकारले. महाराष्ट्राचा सांस्कृतिक इतिहास सांगताना हे वाक्य मी मुद्दाम म्हणतो.

त्या काळी संगणक नव्हता. भिंगाचा काही भाग झाकून एक दृश्य घ्यायचे, फिल्म उलटी गुंडाळायची, मग उरलेल्या भागावर दुसरे दृश्य घ्यायचे. हात चुकला की दोन्ही वाया. आज मुले संगणकाच्या पडद्यावर थरावर थर रचतात, त्याची आजी ही!

तिसरा टप्पा सरकारी. 1956 मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा 'द बनियन डियर' 1957 मध्ये तयार झाला. रसायनशास्त्र शिकलेले राम मोहन तिथेच घडले. पुढे त्यांनी कितीतरी शागीर्द तयार केले, 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विजया मुळे यांचा 1974 चा 'एक अनेक और एकता' तर दूरदर्शनमुळे घराघरांत पोचला. चिमण्या जाळे घेऊन उडतात, ती गोष्ट माझ्या पिढीला अजून आठवते.

आता आमच्या झरीकडे येतो. परभणी-जिंतूर रस्त्यावरचे हे गाव. माझ्या लहानपणी सिनेमा म्हणजे परभणीच्या उरुसातला तंबू. आज शेजारचा एक मुलगा मोबाइलवर परदेशी चित्रपटांतली युद्धे पाहतो आणि म्हणतो, "चाचा, मला हे शिकायचंय." त्याचे वडील सोयाबीन पेरतात. शहरातल्या एका खासगी क्लासची फी ऐकून ते माझ्याकडे आले. म्हणाले, "यात भाकर आहे का भाई?"

प्रश्न खरा आहे. गावात बसून कर्ज काढायचे, तर उत्तरही खरे हवे. हे काम कंत्राटी असते, चित्रपट संपला की हातही रिकामे होतात. हॉलिवूडच्या मोठमोठ्या चित्रपटांचे काम करणारी मंडळी मुंबई-पुण्यात बसलेली असतात, आणि तिकडे संप झाला की इकडच्या टेबलांवर काम थांबते. 2023 मध्ये हे घडले. आता तर वाक्य लिहिले की संगणक चित्र काढून देतो. म्हणजे नुसते सॉफ्टवेअर शिकलेला माणूस सॉफ्टवेअरबरोबरच जुना होणार.

मग करायचे काय? मी त्या वडिलांना म्हणालो, आधी मुलाला चित्र काढू द्या. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा देता येतात. बैल चालताना खांदा कसा हलतो, वाऱ्यात ज्वारीचे कणीस कसे झुकते, बाई डोक्यावर घागर घेऊन वळते तेव्हा मान कशी राहते, हे त्याला रोज पाहून वहीत उतरवू द्या. याला फी नाही. वर्षभर वही भरली तर पुढचा विचार करा, आणि सरकारी संस्थांची प्रवेशपरीक्षा आधी बघा. कर्जाची गोष्ट सर्वांत शेवटी.

पुण्यात प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. साहेबमामा ज्या आवारात वावरले, तिथे आज मुले शिकतात. त्या दारापर्यंत झरीहून रस्ता जातो. तो लांब आहे, पण वहीतूनच निघतो.