दात्तामित्रीचा योनक

लखनौच्या पूर्वेस अयोध्या. जुने साकेत तेच. त्यास यवनाने घातलेल्या वेढ्याचा दाखला पतंजलीने महाभाष्यात व्याकरणाचे उदाहरण म्हणून दिला आहे. परंतु ग्रीक वसाहतीचा धागा आम्हांस गवसला तो आमच्या नाशकात! पांडवलेण्यांतील १७ वे लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने कोरविले. शिलालेखात तो स्वतःस उत्तरेकडील, दात्तामित्रीचा योनक म्हणवितो. विद्वानांच्या मते हे नगर इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या डेमेट्रियस राजाच्या नावाचे; कोणी ते सिंधप्रांती मानतात, कोणी अराकोशियात. बापलेकांची नावे इकडची, पूजा बुद्धांची, दान मातापित्यांसाठी. ग्रीकपण उरले ते एका शब्दापुरते. गाव मात्र त्याने परमुलखी आवर्जून कोरविले. वीस वर्षे लखनौस काढलेले आमच्या कचेरीतील मराठी गृहस्थही अजून साताराच सांगतात.